इथवर कोणी पोचत नाही

ऑफिसात तिला सगळे पणताई म्हणायचे. बैठकीत कोणी काहीही सुचवलं की तिचं वाक्य ‘पण’नंच सुरू व्हायचं, म्हणून. आधी ती चिडायची. मग कानांना सवय झाली. शीतगोदामांची सरकती दारं बनवणारी ती छोटी कंपनी होती, वर ऑफिस आणि खाली कारखाना. दाराच्या कंट्रोलरमध्ये चालणारा सी भाषेतला प्रोग्रॅम पणताईच्या हातचा होता. नवरा पाठीच्या दुखण्यानं घरी बसलेला, मुलगी शाळेत, त्यामुळे नोकरी सोडायचा विचार मनात आला तरी ती तो चहाबरोबर गिळून टाकायची.

प्रोग्रॅमच्या लेखी दाराच्या अवस्था तीनच होत्या: उघडं, बंद, सरकतंय. दोन सेन्सर होते. एक ‘उघडं’ म्हणून सांगायचा, दुसरा ‘बंद’ म्हणून, आणि दोघंही गप्प असले तर दार अधेमधे कुठेतरी सरकत असणार. दोघं एकदम बोलले तर? दार एकाच वेळी उघडं आणि बंद कसं असेल? नसेलच. तरी त्या चौथ्या जागी पणताईनं एक असर्ट लिहून ठेवला होता. असर्ट म्हणजे प्रोग्रॅमच्या आत बसवलेला पहारेकरी. अमुक गोष्ट अशीच असायला हवी, एवढंच तो तपासतो. तशी नसली की काम जागच्या जागी थांबवतो आणि कुठल्या ओळीवर घोळ झाला ते ओरडून सांगतो.

मालकांचा भाचा खात्याचा प्रमुख होता. माघारी त्याला सगळे भाचेबुवा म्हणत. डोकं तल्लख, पण पायाला भिंगरी.

“जे होऊच शकत नाही ते तपासायचं कशाला?” भाचेबुवा म्हणाले. “ग्राहकाकडे दार मधेच थांबलं तर नाक कोणाचं कापलं जाईल?”

“पण थांबलं तर निदान कळेल तरी. नाही थांबलं तर ते पुढे काय करेल, हे तुम्हालाही ठाऊक नाही आणि मलाही.”

“आल्या! पणताई पणावर आल्या!”

सगळे हसले. भाचेबुवांनी ग्राहकांकडे जाणाऱ्या प्रोग्रॅममधले सगळे असर्ट एका फटक्यात बंद केले. तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. त्या चौथ्या जागी त्यांनी कंपायलरला, म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या दुभाष्याला, चक्क लिहून दिलं, की इथवर कोणी कधी पोचत नाही. कंपायलर बिचारा सरळमार्गी. दिलेला शब्द तो खरा धरून चालतो. कोणी पोचतच नाही म्हणता? मग तपासणी तरी कशाला हवी? त्यानं ती काढून टाकली. प्रोग्रॅम थोडा आटोपशीर झाला, थोडा चपळ झाला, आणि भाचेबुवांची पाठ थोपटली गेली. पणताई मालकांकडे गेली तेव्हा मालक म्हणाले, “तुमच्या खात्यातलं तुम्ही आपसात मिटवा हो.” तिनं तोंड मिटलं. मिटलं ते मिटलंच.

पुढे एका गोदामातून तक्रार आली: दार मधूनच हट्टाला पेटतं. भाचेबुवांना वेळ नव्हता, पणताईला पाठवलं. गोदामाचे रखवालदार काका तिला आत घेऊन गेले. जाड कोट, कानटोपी, तोंडातून वाफ. ती सेन्सरवर वाकली तर शेजारी-शेजारी बसवलेल्या दोन्ही सेन्सरांवर मिळून बर्फाचा एकच पापुद्रा धरला होता. ती झटकन सरळ झाली.

“काका, आधी बाहेर चला,” ती म्हणाली, तोवर दार सरकत येऊन बसलं आणि चुंबकी कुलूप खट्कन लागलं.

तिनं आतलं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. काकांनी हातानं उघडायची मूठ दोन्ही हातांनी पिळली. तीही बर्फानं गच्च झाली होती. मोबाइलला रेंज नव्हती. भिंती वीतभर जाड, बाहेर कॉम्प्रेसरची घरघर. दोघांनी दारावर थापा मारल्या त्या त्यांच्याच कानांवर परत आल्या.

“बर्फ खरवडू का?” काकांनी विचारलं.

“उपयोग नाही.”

तिला आता सगळं समोर लिहिल्यासारखं दिसत होतं. दोन्ही सेन्सर एकदम बोलले. त्या अवस्थेसाठी वाटच ठेवलेली नव्हती, म्हणून प्रोग्रॅम भरकटला आणि भलत्याच भागात जाऊन पडला. तो भाग गोदाम धुवायच्या वेळचा, धुलाईचा असणार. धुलाई चालू असताना कोणी आत येऊ नये म्हणून तिथे कुलूप लावून बसायचं आणि बटणांकडे की सेन्सरांकडे ढुंकूनही बघायचं नाही. तो भाग तिनंच लिहिला होता, चोख लिहिला होता. त्यातून बाहेर पडायला एकही फट नव्हती.

“पोरी, बसू नकोस,” काका ओरडले. “बसलीस की संपलं.”

पाय बधिर होत होते. मुलीला शाळेतून कोण आणेल, हा विचार आला आणि तिला रडू फुटलं. गालावरचं पाणीही बोचायला लागलं. दाराशेजारी जाळीत बसवलेला दिवा धूसर दिसत होता. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “काका, हा दिवा आणि दार एकाच वायरीवर आहेत. दिव्याच्या जागी शॉर्ट सर्किट केलं तर फ्यूज उडेल, आणि वीज गेली की चुंबकी कुलूप सुटतं.”

काकांकडे पेट्या ओढायचा लाकडी दांड्याचा आकडा होता. त्यांनी जाळी उचकटली, दिवा फोडला. पणताईनं दांडा हातमोज्यांत घट्ट धरून लोखंडी टोक होल्डरमध्ये खुपसलं. निळा भडका उडाला आणि मिट्ट काळोख झाला. त्या काळोखात कुलूप सुटल्याचा बारीकसा ‘टक्’ आवाज आला. दोघांनी खांदे लावले आणि दार हललं.

ऑफिसात परतल्यावर मालकांनी तिला पाणी दिलं आणि म्हणाले, “थोडक्यात निभावलं. बर्फ न धरणारे सेन्सर बसवू.”

“सेन्सर बदला, पण प्रोग्रॅमही बदलायचा. चौथी अवस्था आली की कुलूप सोडायचं आणि घंटा वाजवायची. असर्ट ग्राहकाकडेही चालू ठेवायचे, पण कुलूप आधी सुटलं पाहिजे.”

“ग्राहकासमोर घंटा?” भाचेबुवा हसले. “एका दारानं हट्ट केला म्हणून एवढा गहजब?”

“मग खाली चला. चाचणीच्या खोलीत तुम्ही उभे राहा. सेन्सर मी चालू करते.”

भाचेबुवा मागे हटणाऱ्यांतले नव्हते. खिशात हात घालून आत गेले. खोली साधीच होती, थंडीबिंडी काही नाही; दार आणि प्रोग्रॅम मात्र तेच. दार बसलं, पणताईनं दोन्ही सेन्सर एकदम चालू केले, कुलूप लागलं. आतून बटणाचा आवाज आला, मग हसू, मग पुन्हा बटण. मग थाप. मग थापांवर थापा.

“ताई! उघडा! पुरे झालं!”

तिला मजा वाटायला हवी होती. वाटली नाही. प्रत्येक थाप तिच्या छातीवर बसत होती. मालकांच्या होकाराची वाट न बघता तिनं प्लग उपटला.

भाचेबुवा बाहेर आले तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता. त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही, मामांना म्हणाले, “सगळ्या गोदामांतला प्रोग्रॅम बदलावा लागेल. लगेच.”

तो बदलला गेला. तिनंच लिहिला, भाचेबुवांनी ओळ न् ओळ तपासली. तेव्हापासून ते तिला नुसतं ताई म्हणतात. ती अजून त्याच टेबलाशी बसते. जायला दुसरी जागा नाही. लिफ्टनं मात्र जात नाही. घरी न्हाणीघराची कडी तिला लावता येत नाही. दार नुसतं लोटते, आणि नवरा पाठ सांभाळत बाहेर स्टूल टाकून बसतो, मोठ्यानं पेपर वाचतो. तो पान उलटायला जरासा थांबला, की आतून हाक येते, “आहात ना?”