इजिप्तकाकूंचं नाव

मिशिगनमधल्या नोव्हायच्या मराठी मंडळात कुणी नवी बाई आली की बाकीच्या काकू तिला विचारायच्या, "मिस्टर कुठल्या कंपनीत?" इजिप्तकाकू विचारायच्या, "लग्नाआधी नाव काय होतं तुझं?" आडनाव नव्हे, नाव. समोरची जरा गोंधळून, जरा लाजून सांगायची. मग काकू हातातली प्लेट खाली ठेवायच्या आणि त्या नावाने तिला खणखणीत हाक मारायच्या. साठी उलटलेल्या एका बाईंना त्यांनी बटाटेवड्याच्या रांगेत "शकू!" अशी हाक मारली, तेव्हा त्या बाई वडा हातात धरून ढसाढसा रडल्या. मंडळाच्या अध्यक्षांना वाटलं, वडा तिखट झालाय.

मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, "अश्विनी. आधीही अश्विनीच होते."

"एकच?" काकूंचे डोळे चमकले. "मग तू इजिप्तची! त्यांच्यात लग्न झालं की बाई आपलं सामान उचलून नवऱ्याच्या घरी जायची. बास. नाव तेच, जन्मापासून थडग्यापर्यंत."

ही आमची पहिली भेट. बाईंना थोडं वेड लागलेलं दिसतंय, असं मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. ते खरंच होतं. काकूंना इजिप्त लागलं होतं, आणि तेही राजाराण्यांचं नव्हे. सोन्याचे मुखवटे त्यांना मुळीच आवडायचे नाहीत. "राजे काय गं, सगळीकडे सारखेच," म्हणायच्या. "पिरॅमिड कुणी बांधले ते सोड. बांधणाऱ्यांचा डबा कोण करत होतं ते विचार." कामावर दांडी मारणारे तिथले कारागीर काय काय कारणं सांगत, ती त्यांना तोंडपाठ होती. एकाला विंचू चावला, एकाला घरी बिअर गाळायची होती, एकाला गेलेल्या आईला कापडात अखेरचं गुंडाळायचं होतं. पहिली दोन सांगताना काकू हसायच्या आणि तिसऱ्याला थांबायच्या.

हे वेड लागलं तेही थंडीमुळे. लग्न होऊन त्या इथे आल्या तेव्हा आसपास ना इंडियन ग्रोसरी, ना मराठी माणूस. काका गाड्यांच्या गिअरबॉक्सचे इंजिनिअर, सकाळी जायचे ते अंधार पडल्यावर यायचे. काकू त्यांच्या छोट्या मुलाला, समीरला, घेऊन पब्लिक लायब्ररीत जाऊन बसायच्या, कारण तिथे ऊब फुकट होती आणि कुणी काही विचारत नसे. तिथे मुलांच्या एका पुस्तकात त्यांना चित्र दिसलं. एक बाई गुडघ्यांवर बसून, पाट्यासारख्या दगडावर ओणवी होऊन धान्य भरडतेय. "मला वाटलं, आमच्या वाईचीच कुणीतरी आहे," काकू सांगायच्या. "दोन वर्षांत पहिलं ओळखीचं माणूस भेटलं." ती बाई भरडतेय तो आपला खपली गहू आहे हे पुढे कळलं, तेव्हा तर त्यांनी नातंच जोडून टाकलं. मंडळाच्या संक्रांतीला दरवर्षी खपलीची खीर त्यांच्याकडूनच यायची, आणि वाढताना एक वाक्य ठरलेलं. "खा. इजिप्तवाल्यांच्या पोरांनीही हेच धान्य खाल्लंय. फक्त त्यांच्या भाकरीत वाळू असायची, बिचाऱ्यांचे दात झिजून जायचे."

समीर कॉलेजला गेल्यावर त्या डेट्रॉइटच्या म्युझियममध्ये व्हॉलंटिअर झाल्या. दर बुधवारी शाळेच्या मुलांना इजिप्तच्या दालनातून फिरवायचं काम. मी तेव्हा डिपेंडंट व्हिसावर होते. नोकरी करायची परवानगी नाही, गाडी चालवायची भीती. काकू मला घरून उचलायच्या. "चल, माझ्या बायकांना भेटवते तुला." हायवेवर पंचावन्नच्या वर जायच्या नाहीत. मागचे ट्रकवाले हॉर्न मारून मारून थकायचे, आणि काकू त्यांना आरशात बघून म्हणायच्या, "जा रे बाबांनो, तुम्हाला कुठे चार हजार वर्षं मागे जायचंय."

दालनाच्या कोपऱ्यात एक दगड होता. त्यावर एक नवरा-बायको कोरलेले, शेजारी शेजारी बसलेले. तिचा हात त्याच्या खांद्यावर. समोर भाकऱ्यांचा ढीग. नवऱ्याच्या डोक्यावरची अक्षरं झिजून गेली होती, पण तिचं नाव शाबूत होतं. मेरित. काकू मुलांना तिथे जमिनीवर बसवायच्या आणि समजावायच्या की या लोकांची एक श्रद्धा होती. मेलेल्या माणसाचं नाव कुणी मोठ्याने घेतलं की त्याला तिकडे जेवण मिळतं. म्हणून थडग्यावर ते येणाऱ्याजाणाऱ्याला विनवायचे, बाबांनो, दुसरं काही नको, नुसतं नाव घ्या, तोंडची वाफ तेवढी खर्च होईल. आणि कुणावर फारच राग असला तर त्याचं नाव छिनीने खरवडून काढायचे. त्याहून मोठी शिक्षा नव्हती. मग काकू मुलांना मेरितला हाक मारायला लावायच्या. पोरं पुटपुटायची. "लाउडर," काकू म्हणायच्या, "शी इज अ लिटल डेफ." पोरं बेंबीच्या देठापासून ओरडायची, गार्ड मान वळवून बघायचा, आणि काकू माझ्याकडे वळून मराठीत म्हणायच्या, "जेवली गं बाई आज मिशिगनमध्ये."

सगळ्यांच्या नावाची चौकशी करणाऱ्या या बाईंना सगळे सुहासिनी म्हणून ओळखत. एकदा परत येताना मी विचारलं, "काकू, तुमचं माहेरचं नाव काय?"

"लग्नात ताटातल्या तांदळावर ह्यांनी अंगठीने सुहासिनी लिहिलं. सासूबाईंनी ठरवलेलं. त्याच्या आधीचं नाव घ्यायला माझा दादा आहे वाईला. दर रविवारी फोनवर घेतो."

"पण मला सांगा ना."

"सांगून काय होतं? सांगितलेलं नाव वेगळं, हाक मारलेलं वेगळं. आणि तू मला नावाने हाक मारणार आहेस का? जीभ रेटेल तुझी?"

नसतीच रेटली. आईच्या वयाच्या बाईला एकेरी हाक मारायची या कल्पनेनेच मला घाम फुटला. काकाही त्यांना नावाने हाक मारत नसत. त्यांच्यापुरतं "अगं" हेच काकूंचं नाव होतं.

मग वाईचे दादा गेले. मी भेटायला गेले तेव्हा काकू स्वयंपाकघरात फोनजवळच्या स्टुलावर बसल्या होत्या. रविवार होता. मला बघून म्हणाल्या, "संपलं गं. माझं नाव घेणारं आता पृथ्वीवर कुणी नाही. खरवडून काढलं बघ." मी त्यांना जवळ घेतलं. इतकी वर्षं दुसऱ्यांची नावं जागवणारी ही बाई त्या दिवशी एवढीशी झाली होती. पुढच्या बुधवारी त्या म्युझियमला गेल्या नाहीत. काकांना एकटं सोडवत नाही, असं त्यांनी मला फोनवर सांगितलं.

ते कारण खोटं नव्हतं. काका विसरायला लागले होते. आधी रस्ते गेले, मग मित्र, मग कंपनी आणि गिअरबॉक्स. डॉक्टरांनी जे सांगायचं ते सांगितलं. त्यांची आठवण पुढून मागे पुसत चालली होती, अलीकडचं सगळं आधी. एका सकाळी काकूंचा मला फोन आला. आवाज वेगळाच होता. "अश्विनी, येतेस का जरा? मला एकटीला हे बघवत नाही."

मी गेले. काका कोट-टाय घालून सोफ्याच्या अगदी कडेला बसले होते, गुडघे जुळवून, हात मांडीवर. परक्या घरी गेल्यावर बसतात तसे. काकूंनी त्यांच्यापुढे पोह्यांची बशी ठेवली. काका अदबीने किंचित उठले आणि म्हणाले, "मावशी, तसदी नका घेऊ. वेणू कधी येणार बाहेर?"

मी काकूंकडे बघितलं. त्यांनी पदराचं टोक तोंडात धरलं होतं. मग पदर सोडून, सरळ आवाजात म्हणाल्या, "येतेय हं. साडी नेसतेय."

काका वाईला मुलगी बघायला गेले होते तो दिवस त्यांच्या डोक्यात तेवढा शिल्लक राहिला होता. लग्न पुसलं गेलं, तांदळाचं ताट पुसलं गेलं, सुहासिनी पुसली गेली. उरली ती अजून आत साडी नेसत असलेली वेणू. रोज सकाळी ते टाय बांधायचे आणि तिची वाट बघायचे. रोज काकू पोहे करायच्या. एकदा न राहवून त्या त्यांच्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "अहो, मीच वेणू." काका कानकोंडे झाले. "मावशी, चेष्टा नका करू," म्हणाले, आणि दिवसभर पोह्यांना शिवले नाहीत. त्यानंतर काकूंनी तो प्रयत्न केला नाही.

"रोज ऐकते गं," मला म्हणाल्या. "कान भरून ऐकते. पण ते मला हाक मारत नाहीत, माझी चौकशी करतात. मी त्यांच्या समोर असते आणि ते माझी वाट बघत असतात. असं कुणाच्या वाट्याला आलं असेल का गं, त्या तुझ्या इजिप्तमध्ये तरी?" त्यांचं इजिप्त त्या दिवशी माझं झालं होतं, हे मला घरी आल्यावर लक्षात आलं.

एका सकाळी मी काकांजवळ बसले होते. काकू ओट्यापाशी होत्या. काका माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "मुलगी मला पसंत आहे. फक्त आई म्हणते, नाव बदलू. मला नाही पटत. वेणू किती छान नाव आहे. कशाला बदलायचं?"

ओट्यापाशी कढईतला झारा थांबला. "तेव्हा का नाही तोंड उघडलंत!" काकू तिकडून ओरडल्या. ओरडल्या आणि हसल्या, आणि हसता हसता ओट्याला टेकून इतक्या रडल्या की मी धावले. काका अपराधी चेहऱ्याने उभे राहिले. "मावशींना वाईट वाटलं का?" असं त्यांनी मला विचारलं.

त्या हिवाळ्यात काकूच आधी गेल्या. सकाळी पोहे भिजवून ठेवले होते, आणि फोडणी घालायच्या आधी छातीत कळ आली. मी पोचेपर्यंत ॲम्ब्युलन्स निघून गेली होती. काका टाय बांधून सोफ्यावर बसले होते.

देशाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या बेलव्ह्यूहून समीर आला. फ्युनरल होममध्ये गुरुजींनी सुहासिनी या नावाने सगळं केलं, माणसंही बरीच जमली होती. काकांना हाताला धरून काकूंपाशी नेलं. त्यांनी बराच वेळ त्या चेहऱ्याकडे बघितलं आणि त्यांना ओळख पटली. त्यांच्या परीने. "अरेरे," ते म्हणाले. "मावशी गेल्या. फार मायेने पोहे द्यायच्या." मग एकदम घाबरून इकडेतिकडे बघायला लागले. "वेणूला सांगितलं का कुणी? तिची आई गेली. पोरीला एकटं सोडू नका."

समीर माझ्याजवळ आला. "अश्विनी, बाबा सारखे विचारतायत. हू इज वेणू?"

"तुझी आई," मी म्हटलं.

पन्नाशीला आला होता तो. आईचं हे नाव त्याने कधी ऐकलंच नव्हतं. मग तो वडिलांजवळ गेला, त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "सांगितलं, बाबा. मी सांगितलं वेणूला. ती एकटी नाहीये." काकांचं समाधान झालं. त्यांनी समीरच्या हातावर थोपटलं आणि तो कुणाचा कोण ते विचारलं.

समीर त्यांना बेलव्ह्यूला घेऊन गेला. मी दर रविवारी फोन करायचे. समीर फोन काकांच्या कानाला लावायचा. पलीकडून प्रश्न यायचा, "वेणू आली का?" मी म्हणायचे, "येतेय हं. साडी नेसतेय." एवढंच आमचं बोलणं. समीर सांगायचा की त्यानंतर ते नीट जेवतात. गेल्या वर्षी त्यांची वाचा गेली. आता ते आहेत, पण काही विचारत नाहीत. फोन कानाला लावला तर नुसता श्वास ऐकू येतो.

मला मागेच ग्रीन कार्ड मिळालं, नोकरी लागली. बुधवारी दुपारी मी सुट्टी घेते आणि काकूंच्या जागी मुलांना फिरवते. डबा कोण करत होतं ते विचारते, विंचवाची आणि बिअरची कारणं सांगते, तिसऱ्या कारणाला थांबते. मेरितच्या दगडापाशी मुलांना हाक मारायला लावते.

परवा मुलं तिला हाक मारून उठायला लागली, तेव्हा मी त्यांना म्हटलं, बसा, अजून एक नाव राहिलंय. माझी जीभ पुन्हा अडखळली. आईच्या वयाची बाई, एकेरी कसं म्हणू? पण मुलांना असली अडचण नव्हती. मी नाव सांगितलं आणि ती सगळी एका दमात ओरडली, "वेणूऽऽ!" दालन दणाणलं. गार्डने मान वळवून बघितलं. मीही ओरडले, त्यांच्याबरोबर, आयुष्यात पहिल्यांदा.

पुढे बसलेल्या एका मुलीने दगडाकडे बघितलं, मागे दाराकडे बघितलं, आणि मला विचारलं, "हू इज वेणू? व्हेअर इज शी?"

उत्तर माझ्या तोंडून मराठीतच आलं.

"येतेय हं," मी म्हटलं. "साडी नेसतेय."