पाठीवरची थाप

आमच्या कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल संघातून यंदा तिघी गेल्या. दोघी पदवी घेऊन आणि तिसरी, हॉस्टेल फुकट देणाऱ्या दुसऱ्या कॉलेजात. उरल्या चार. "पाचवी मिळाली नाही तर संघ बंद," असं क्रीडा विभागाने बजावलं. मी संघात नाही, पण लगेच पत्रक काढलं. मुलांच्या संघाला असं कधी बजावलंत का, एवढंच विचारलं. पत्रकाने कोणी हललं नाही. हलली ती कर्णधार मेघा. तिने खो-खोच्या मैदानावरून सारिकाला उचलून आणलं.

काल पहिला सामना झाला. सारिका चेंडू घेऊन सुसाट निघाली, दोघींमध्ये अडकली आणि मेघाच्या पाठीवर थाप मारून ओरडली, "खो!"

"अगं बाई, इथे खो नसतो!" मेघा म्हणाली खरी, पण म्हणता म्हणता सारिकाच्या हातातला चेंडू घेऊन सुटलीसुद्धा. बास्केट!

कठड्यावर बसलेले आम्ही पोट धरून हसलो. हसता हसता जाणवलं, गेलेल्या तिघींवर मी महिनाभर उगाच चिडले होते. खो देणारी खाली बसते, तेव्हाच बसलेली पळते. राग जागा अडवून बसणाऱ्यांचा करावा, जागा सोडणाऱ्यांचा कशाला?

सामना आम्ही थोडक्यात हरलो. शेवटच्या मिनिटाला मेघानेच सारिकाच्या पाठीवर थाप मारली आणि अख्खा कठडा क्रीडा विभागाच्या खिडकीकडे तोंड करून ओरडला, "खो!"