दैवशालाबाईच्या वहीतल्या दोनशे पिना

भूमच्या आठवडी बाजारात, चप्पलवाल्यांची रांग संपते आणि बांगड्यांची सुरू होते त्या मधल्या जागेत दैवशालाबाई बसायच्या. खाली खताचं रिकामं पोतं, डोक्यावर काळी छत्री, आणि समोर बांबूला बांधलेल्या सुतळीवर लटकणाऱ्या चार्जिंगच्या पिना. लांबून पाहिलं तर वाटायचं, कुणीतरी शेवया वाळत घातल्यात.

आपल्याकडं चार्जरला चार्जर कुणी म्हणत नाही. पिन म्हणतात. 'पिन गेली', 'पिन हाय का तुमच्याकडं', 'माझी पिन बसंना'. दैवशालाबाईंनी प्रत्येक पिनेला स्वतःचं नाव दिलं होतं. बटणाच्या जुन्या फोनची बारीक, ती 'सुई'. त्यानंतर आली ती 'चपटी'. आता सगळीकडं चालते, उलटी घातली तरी बसते, ती 'दुतोंडी'. आणि सफरचंदाच्या फोनची 'सायबाची'. कंपन्यांनी काय नावं दिली ते त्यांना माहीत नव्हतं. गिऱ्हाइकालाही नव्हतं. त्यामुळं दोघांचं झकास जमायचं.

गिऱ्हाईक आलं की त्या आधी फोन हातात घ्यायच्या. भोकावर अंगठ्याचं नख फिरवायच्या, फुंकर मारायच्या आणि पदराला खोवलेला बाभळीचा काटा काढायच्या. शिवायची सुई किंवा टाचणी कधी घालायच्या नाहीत, लोखंडानं आतलं जळतं म्हणून. काट्यानं खिशातला भुगा, तंबाखू, मातीचा बारका खडा अलगद बाहेर काढायच्या आणि म्हणायच्या, "लावा आता जुनीच पिन. लागली का? मग जावा घरी." दहातले चार जण असे काहीच न घेता परत जायचे. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलेलं आहे. म्हणून पुढं जे केलं त्याला माझ्याकडं सबब नाही.

त्यांचा नवरा शंभुलिंग टमटम चालवायचा, भूम ते आजूबाजूच्या वाड्या-वस्त्या. ज्या म्हाताऱ्यांना बाजाराला येणं होत नाही ते त्याच्याजवळ निरोप द्यायचे, "तुझ्या बायकूला सांग, माझी पिन तुटली." आता कुणाची कुठली पिन, हे शंभुलिंगच्या डोक्यात राहायचं नाही. दोन वेळा त्यानं चपटीच्या ठिकाणी सुई नेऊन दिली आणि शिव्या खाल्ल्या. तेव्हापासून दैवशालाबाईंनी वही ठेवली. चौथीपर्यंत शिकलेलं मोठं, गोल अक्षर. एका बाजूला नाव, दुसऱ्या बाजूला पिन. 'गुरवाचे तात्या – चपटी, वायर लांब, खाटपतूर यावी.' 'अंगणवाडीच्या बाई – दुतोंडी, सैल बसती.' 'धुरपदाबाई – सुई, भोक ढिलं.'

ही धुरपदाबाई म्हणजे माझी सख्खी चुलती.

आता माझं. मी रणधीर. नववीतनं शाळा सुटली, कायदा वर्तमानपत्राच्या कात्रणांवर शिकलो, आणि तहसीलपासून वीज कंपनीपर्यंत कुठल्याही टेबलासमोर माझी जीभ अडखळलेली नाही. आमचा ग्राहक जागर मंच. गेल्या वर्षी मी विषय उचलला तो पिनेचा. सगळ्या कंपन्यांच्या सगळ्या फोनना एकच पिन सक्तीची करा. युरोपात कायदा झाला, आपल्याकडं अजून चर्चाच. माणूस फोन बदलतो तर पिन का बदलावी? एका घरात चार फोन आणि चार पिना, ही काय रीत झाली? मुद्दा बरोबर होता. आजही बरोबर आहे. चारशे सह्या गोळा केल्या आणि डिसेंबरात ग्राहक दिनाला भूमच्या एका शाळेच्या हॉलमध्ये जाहीर वादविवाद ठेवला.

विरोधात बोलायला मोबाईल दुकानवाले कृष्णराज शेठ तयार झाले. म्हणाले, सक्ती केली की कंपन्या नवं काही काढणारच नाहीत. मी त्यांना तीन मिनिटांत गुंडाळलं. "शेठ, कंपनीची काळजी तुम्ही करा, कंपनी तुमची करंल," म्हणालो. हॉल हसला, टाळ्या पडल्या. मला चढलं.

मग मागच्या सतरंजीवरून दैवशालाबाई उठल्या. त्यांना मीच बोलावलं होतं, गर्दी दिसावी म्हणून. पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "रणधीरभाऊ, एकच पिन करा, लई झ्याक हुईल. माझ्या मागचा बी ताप जाईल. पन एक इचारू का?"

"विचारा की बाई."

"नव्या फोनला नवी पिन, ते बरोबर. पन जुन्या फोनवाल्यानं कुठं जायचं? माझ्या वहीत दोनशे मानसांच्या पिना हायेत. त्यातली साठ-पासष्ट मानसं सुईवाली. समदी म्हातारी. कायदा झाला की कारखान्यात सुई निघायची बंद. मग त्येंनी चालता फोन उकिरड्यावर टाकायचा का? तुमच्या अर्जात एक वळ वाढवा, की जुनी पिन बी धा वर्सं दुकानात ठिवायची सक्ती करा."

सगळ्या माना त्यांच्याकडं वळल्या. माझीही. कारण त्या दिवशीचं सगळ्यात शहाणं वाक्य तेच होतं, आणि ते माझ्या चारशे सह्यांच्या अर्जात कुठंच नव्हतं. कृष्णराज शेठ माझ्याकडं बघून गालात हसले. त्या हसण्यानं माझं डोकं फिरलं. उत्तर नव्हतं, आणि माझ्याकडं उत्तर नाही असं कधी झालेलं नव्हतं.

मी माईक उचलला. "काय म्हणालात बाई? दोनशे माणसांच्या पिना? तुमच्या वहीत?"

"व्हय की. नावासकट."

"ऐका मंडळी! दोनशे माणसांच्या पिना, नावासकट! उद्या सकाळी बँकेत जाऊन आपापलं खातं तपासा बरं का!"

असा हशा उठला की पत्रे हादरले. एटीएमची पिन, फोनवरनं पैसे पाठवायची पिन, तीही आपल्याकडं पिनच. दैवशालाबाईंना पहिल्यांदा कळलंच नाही. सगळे हसतायत म्हणून त्याही थोडं हसल्या. मग त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी राहिलं, आणि त्या खाली बसल्या. त्यांचा प्रश्न मात्र कुणाला आठवला नाही. मला तेच पाहिजे होतं.

इथवर केलं ते रागाच्या भरात. पुढचं शुद्धीत केलं. कुणीतरी काढलेला व्हिडिओ मी मागून घेतला, त्यातला त्यांचा प्रश्न कापला, आणि 'माझ्या वहीत दोनशे मानसांच्या पिना हायेत' इथपासून माझ्या वाक्यापर्यंतचा तुकडा मंचाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'हशा आणि टाळ्या!'

तुकडा फिरला. माझं नाव गळून पडलं, हॉल गळून पडला. राहिलं ते एवढंच, की एक बाई आहे, तिच्याकडं लोकांच्या पिना लिहिलेली वही आहे, आणि ती बाजारात बसते. कुणाच्या तरी खात्यातनं पैसे गेले होते. त्याला आठवलं, आपण तिच्या हातात फोन दिला होता. पोलिसांनी बोलावून वही बघितली. हवालदार 'खाटपतूर यावी' वाचून हसला आणि वही परत दिली. पण बाई आत जाताना अख्ख्या बाजारानं पाहिलं. आतलं हसणं कुणी पाहिलं नाही.

त्यानंतर लोक फोन त्यांच्या हातात देईनात. लांबूनच दाखवायचे. नख फिरवायचं बंद, काटा बंद. शंभुलिंगच्या टमटममध्ये बसणारे निरोप देईनात. चार बाजार त्या तशाच बसल्या आणि पाचव्याला आल्या नाहीत. मला कळलं तेव्हा मी काय म्हणालो? "गैरसमज झाला. गडबडीत माझ्याही लक्षात आलं नाही." हे मी इतक्या जणांना सांगितलं की मला ते पाठ झालं.

मग या भाद्रपदात चुलतीचा निरोप आला, पिन तुटली. तिचा मुलगा पुण्याला आहे. तो आईला रोज संध्याकाळी फोन करतो. तीन आठवडे फोन बंद. मी भूमात गेलो. कृष्णराज शेठच्या दुकानात सुई नव्हती. पुढच्या दोन दुकानांतही नव्हती. सगळीकडं एकच उत्तर, "ती बाई ठेवायची हो." शेठ तर काउंटरवरनं म्हणाले, "अर्जात एक वळ वाढवायला पाहिजे होती, काय साहेब?"

शंभुलिंगनं मान खाली घालूनच सांगितलं, "कळंबला बसती आता. एसटीनं जाती."

कळंबच्या बाजारात धान्याच्या पोत्यांच्या आडोशाला त्या सापडल्या. तीच छत्री. पण समोर पुठ्ठ्यावर लिहिलेलं, 'चार्जिंगच्या वायरी मिळतील.' एक गिऱ्हाईक आलं, "मावशी, पिन हाय का?" त्यांनी तोंडातनं शब्द न काढता सुतळीकडं बोट केलं. त्यानं स्वतःच निवडली, घेऊन गेला. चुकीची नेली. मला दिसलं, त्यांनाही दिसलं असणार. त्या बोलल्या नाहीत.

"या," मला बघून म्हणाल्या. "काय पायजे?"

"चुलतीसाठी. धुरपदाबाई..."

"सुई." वही कुठंच नव्हती. "भोक ढिलं हाय तिच्या फोनचं. घातल्यावर जराशी डावीकडं दाबून उशीचा टेकू द्यायचा. सांगाल का तिला?"

"सांगतो. आक्का, त्या दिवशी जे झालं..."

"एक इचारायचं हुतं." सुतळीवरची गाठ सोडता सोडता म्हणाल्या. "तवा तुमाला कळलं हुतं का, म्या कुठल्या पिनेचं बोलत हुते?"

पाठ केलेलं वाक्य जिभेवर आलं होतं. गडबडीत लक्षात आलं नाही. त्यांनी पिन माझ्यापुढं धरली होती आणि त्या माझ्याकडं बघत होत्या.

"कळलं होतं," मी म्हणालो.

"खरं?"

"खरं. तुमच्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं, म्हणून तसं बोललो."

मला वाटलं, आता शिव्या घालतील. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या पोत्याला टेकून बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "मंजे म्या येडी न्हवते."

"आक्का..."

"न्हाय, ऐका की. नवरा म्हनला, तुला कुनी सांगितलं हुतं सभंत उठायला? म्या म्हनलं, व्हय, माझंच चुकलं. चौथी शिकल्याली बाई, कुठं कुठला शबुद वापरावा कळत न्हाय. नऊ म्हैनं हेच. तवापसनं पिन म्हनत न्हाय म्या. वायर म्हनते. गिऱ्हाइकाला हे घ्या, ते घ्या सांगत न्हाय, आजून काय तरी वंगाळ तोंडातनं जायचं म्हनून." मग आवाज चढला. शेजारचा ज्वारीवाला वळून बघायला लागला. "माझं भूमातलं दुकान उठवलं ते ऱ्हावू द्या. कळंबात बी पोट भरतंय. पन माझं बोलनं बरोबर हुतं, आन् मलाच वाटाया लागलं की म्या चुकले! हे कसं केलं वो तुमी?"

त्यांनी पिन परत माझ्यापुढं केली.

"पिन घ्या आन् जावा. म्हातारी वाट बगत आसंल. आन् मला हितं काय बी सांगू नका. भूमात सांगा. 'चुकून झालं' आसं न्हाय. 'कळून केलं' आसं सांगा."

पुढच्या बाजाराला मी भूमात त्यांच्या जागेवर उभा राहिलो. तिथं आता एकजण प्लास्टिकच्या बादल्या विकतो. हातात भोंगा होता, तोच सभांचा. सगळं सांगितलं. वही कसली होती, हवालदार कशाला हसला, व्हिडिओ कुणी कापला. कळून केलं, असं दोनदा सांगितलं.

लोकांनी ऐकलं. आणि काय झालं? "जाऊ द्या साहेब," एकजण म्हणाला, "तुम्ही गमतीनं बोलला. लोकांनी एवढं मनावर घ्यायला नको होतं." दुसऱ्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. "मोठं मन लागतं कबूल करायला." मला माफ करायला त्यांना एक मिनिटसुद्धा लागलं नाही. त्या बाईसाठी मात्र कुणाच्या तोंडून एक शब्द निघाला नाही. बांगडीवाली तेवढी म्हणाली, "पन वही हुतीच की हो तिच्याकडं?"

मी परत पहिल्यापासून सांगितलं. सुई, चपटी, खाटपतूर वायर. ती म्हणाली, "आसंल बाई," आणि गिऱ्हाइकाच्या हातात बांगडी चढवायला लागली.

मला राग आला, पण तो काढायला समोर कुणी नव्हतं. अर्जात ती ओळ मी आता घातली आहे, त्यांच्या नावासह. जुनी पिन दहा वर्षं. आतापर्यंत पाच बाजार झाले. दर वेळी बादलीवाल्याला विचारून शेजारी उभा राहतो आणि सांगतो. लोकांना कंटाळा आलाय. मला बघितलं की म्हणतात, आला पिनवाला. दैवशालाबाई अजून कळंबलाच बसतात.