ताईची स्पोर्ट्स कार

रविवारी ताईकडे गेले, तर ती पोर्चमध्ये बसून कार्ब्युरेटर पेट्रोलने धूत होती. ताई दातांची डॉक्टर आहे. एरवी हातमोज्यांत असणारे तिचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. कुणाच्या तरी फार्महाउसवर धूळ खात पडलेली ही दोन सीटची स्पोर्ट्स कार तिने हौसेने विकत आणली, तेव्हा तिला साधा स्पार्क प्लगसुद्धा ओळखता येत नव्हता.

"बिघडवून ठेवलंस काही तर?" मी विचारलं.

"दवाखान्यात चुकायची सोय नाही गं. इथे आहे," ती म्हणाली.

एकदा एखाद्या कामात हात बसला की आपण तेच करत राहतो. न येणाऱ्या गोष्टीच्या वाटेला जायची लाज वाटायला लागते. पन्नाशीच्या ताईला ती वाटत नव्हती. भावोजींना मात्र गाडी भंगारात द्यायची होती आणि ते तसं रोज बोलूनही दाखवत.

दुपारी ताईने सगळं जोडलं आणि किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, धडधडलं, पोर्चभर धूर झाला आणि पुन्हा सगळं शांत.

"पडली बंद!" चहा घेऊन आलेले भावोजी म्हणाले.

"अहो, बंद पडायला आधी चालू व्हावी लागते!" ताईचा आवाज आनंदाने चिरकला होता.

भावोजींनी कप पायरीवर ठेवला, बाह्या सरसावल्या आणि विचारलं, "मी काय धरू?"