नडगीत भरलेलं हाड

वडिलांना शेवटची अंघोळ घालताना माझ्या लक्षात आलं, त्यांच्या कमरेवर वणच नाही.

कडोदऱ्याच्या कापड कारखान्यात लूमचा जड लोखंडी बीम त्यांच्या नडगीवर पडला, तेव्हा मी धुळ्याला शिकत होतो. मोडलेलं हाड जुळेना. मधली फट भरायला डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या: कमरेतून त्यांचंच थोडं हाड काढायचं, किंवा जनावराच्या हाडापासून केलेले तयार दाणे भरायचे. वडील माळकरी. "माझंच घ्या," ते म्हणाले, "दुखलं तर दुखू दे."

पाय जुळला. आमच्या नवागामच्या गल्लीत कोणी चालण्याचं कौतुक केलं, की ते कमरेवर थाप मारत. "हाई मन्हंच शे. उसनं नही." मला त्याचा फार अभिमान वाटे.

आता कमरेमागे, त्यांना स्वतःला कधी न दिसणाऱ्या जागी, दोन्ही बाजूंची कातडी कोरी होती. ऑपरेशनच्या वेळी थोरला भाऊ त्यांच्याजवळ होता. मी हळूच विचारलं, "भाऊ, टाक्यांचे वण कुठे आहेत?"

त्याने तांब्या भरून घेतला. "कमरमा सुईच टोची व्हती, हाडमधलं रगत काढीसन दानास्मा कालवाले. हाड बैलनं भरं. डॉक्टर म्हने, या वयमा दुसरी चिरफाड नको."

"आणि बाला ठाऊकच नव्हतं?" मी वडिलांच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"बाले सांगं असतं तं त्यानी पाय कापू दिन्हा असता. तू आते बोलू नको. मानसं उभा शेतस."

पाय वाचला, हे खरंच. पण एवढी वर्षं भाऊ त्यांच्याशेजारी ताटावर बसत होता. ते कमरेवर थाप मारायचे, आणि हा भाकरी मोडत हसायचा. ते हसू मला आता आठवतं.

तिसऱ्या दिवशी राख सावडली. नडगीच्या जागी ऑपरेशनात बसवलेली स्टीलची पट्टी निघाली, तिला चिकटून पांढरा तुकडा. त्यातलं वडिलांचं किती, ते ओळखू येत नव्हतं. भाऊने पट्टी बाजूला टाकली आणि तुकडा इतर अस्थींबरोबर मडक्यात ठेवला. तापीवरून परतताना मी ठरवलं, मायला हे कधीच कळू द्यायचं नाही.

ती दाराशीच उभी होती. पायांवर पाणी घालताना तिने भाऊला विचारलं, "बैलनं हाड येगळं काढं का रे? का समदं एकच मडकामा?"

म्हणजे आमच्या घरात ठाऊक नसलेले दोघंच होते. वडील आणि मी.