काप स्थिरावेपर्यंत

डॉ. हेमलता निमसेबाईंच्या प्रयोगशाळेत मी प्रथम गेलो तो पेठ तालुक्यातून नाशकात आलेला, वसतिगृहात कुणाशीच न बोलणारा विद्यार्थी म्हणून. बाईंनी आधी नाव विचारलं आणि लगेच, "जेवलात का?" विद्यार्थ्यालाही त्या अहो-जाहो करत.

बाईंचं संशोधन मेंदूतल्या पेप्टाइडांवर. हार्मोनसारखी ही द्रव्यं मज्जापेशींमधल्या जोडण्या हळूहळू घट्ट किंवा सैल करतात. ते पाहण्यासाठी उंदराच्या मेंदूचा पातळ काप खारट द्रावणात जिवंत ठेवावा लागे, आणि तो स्थिरावायला तासभर जाई. बाई गजराचं घड्याळ लावायच्या, चहा ठेवायच्या आणि सांगायच्या, "आता गजर होईपर्यंत कामाचं बोलायचं नाही." नाशकात माझ्याशी कुणी बोलत असेल तर त्या तासातच. आईचं भाताचं शेत, बहिणीचं सासर, सगळं बाईंना पाठ होतं.

एकदा द्रावणात पेप्टाइड सोडून दहा मिनिटं झाली तरी पेशींचे संकेत टिपणाऱ्या आलेखाची रेघ हलेना. "बाई, काय बी नाय झालं," म्हणत मी काप टाकून दिला. सगळा दिवस वाया! बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "हे काय विजेचं बटण आहे? याचा परिणाम हळू चढतो आणि मग टिकतो. बसायची तयारी हवी." दुसऱ्या दिवशी बसलो. बऱ्याच वेळानं रेघ वर सरकली, तेव्हा बाईंनी लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवल्या.

पुढे मी नोकरीला लागलो आणि पंधरा वर्षं त्यांच्याकडे फिरकलो नाही. त्यांचं घर माझ्या रोजच्या वाटेवर, द्वारका चौकाच्या थोडं पुढे. सिग्नलला थांबलो की आठवण यायची, सिग्नल सुटला की विसरायचो. हे लिहिताना लाज वाटते.

बाईंच्या या गौरवग्रंथासाठी माहिती हवी म्हणून परवा गेलो, दहा मिनिटांत उठायच्या बेतानं. बाई आता पंच्याहत्तरीच्या, घरात एकट्या. त्यांनी कपाटावरून तेच घड्याळ काढलं, तासाभराचा गजर लावला, चहा ठेवला. आईच्या शेतापासून सुरुवात झाली. गजर वाजला तसा मी उठलो. माझ्याकडे न बघता बाईंनी पुन्हा किल्ली दिली. "अजून स्थिरावलेलं दिसत नाही," म्हणाल्या.

मला कचेरीत बैठक होती. मी निघालो.

बाईंना निरोगी शतायुष्य लाभो, हे मनापासून मागतो. पण वर्षं आपण मागायची आणि ती बाईंनी एकट्यानं काढायची, हा कसला गौरव? त्यांच्या सर्व विद्यार्थ्यांना विनंती, एकेक वार वाटून घेऊ या. गुरुवार माझा. बाई, चहा ठेवा. या वेळी गजर वाजला तरी मी उठणार नाही.