जागा असून जागा नाही

पहिल्याच तडाख्यात आसिलकानचा दात तुटून कीबोर्डवर पडला.

किर्गिझस्तानच्या राजधानीत, बिश्केकच्या चौकात, सकाळपासून निदर्शकांवर सरकारी गोळीबार चालू होता. इस्पितळात जखमींच्या गाड्या येत होत्या, वऱ्हांडे रक्ताने निसरडे झाले होते. अशात एक्स-रेचं मशीन अडून बसलं: 'जागा शिल्लक नाही.'

मारणारा एर्किनबाय, ओश बाजारातला खाटीक. त्याच्या धाकट्या भावाच्या पोटात गोळी होती आणि ती कुठे रुतलीय हे फोटोशिवाय कळत नव्हतं.

"सरकारची कुत्री! मुद्दाम बंद पाडलंस!" त्याने तिचे केस धरून डोकं भिंतीवर आपटलं.

आसिलकान सत्तेचाळीसची, वीस वर्षं इथले संगणक तीच सांभाळत होती. डिस्क निम्म्याहून अधिक रिकामी आहे हे तिला माहीत होतं. पण फाइल कुठे ठेवलीय ते सांगणारी एक नोंद, आयनोड, प्रत्येक फाइलीला लागतेच. आणि त्या किती, हे डिस्क तयार करतानाच कायमचं ठरलेलं. एकेका फोटोच्या शेकडो बारीक फाइली. नोंदी संपल्या होत्या.

"एजे, जुनं पुसून टाका ना!" तिला एजे, म्हणजे ताई, म्हणणारा तिचा साहेब साबिरबेक दारामागून ओरडला.

"कुणाचं पुसू? वरच्या मजल्यावर पडलेल्यांचं?"

तीन वर्षं खपून तिने वेगळी रचना लिहिली होती. नोंदींना राखीव कोठार नाहीच. लागेल तेव्हा कुठलाही रिकामा तुकडा घ्यायचा आणि त्यात नोंदी मांडायच्या. साबिरबेक हसायचा, "चालतंय ते चालू द्या की."

"मारायचं तर नंतर मार," ती खाटकाला म्हणाली. "आत्ता केस सोड. टाइप करायचंय."

त्याने सोडले. रक्त थुंकून तिने एका कोऱ्या डिस्कवर आपली रचना चढवली आणि ती मशीनला जोडली. सात मिनिटांत फोटो आला. गोळी मणक्याला टेकली होती.

संध्याकाळी भाऊ ऑपरेशनच्या टेबलावरच गेला. एर्किनबाय सलाइनचा लोखंडी स्टँड घेऊन आला आणि संगणकांचे स्क्रीन फोडत सुटला. मशीन वाचवायला आसिलकान त्यावर पालथी पडली.

"यात आणखी चाळीस जणांचे फोटो आहेत रे! त्यांनाही मारतोस?"

तो थांबला नाही. तिची तीन बोटं आणि एक बरगडी मोडली. मग बाकीच्या जखमींचे नातेवाईक धावले आणि तो निपचित पडेपर्यंत त्याला तुडवत राहिले.

फोटो सगळे शाबूत राहिले. साबिरबेकने मान खाली घालून सगळ्या डिस्क तिच्या रचनेवर न्यायच्या कागदावर सही केली. रचनेत एक उणीव होती: फाइल पुसली तरी नोंदींचा तुकडा मोकळा होत नव्हता. आसिलकानने सात बोटांनी दोन महिन्यांत तेही पुरं केलं.

कोर्टात एर्किनबायची आई तिच्या पाया पडली. "माझा एक गेला, बाई. हा तरी राहू दे."

"तुमच्यासाठी जीव तुटतो, आई," आसिलकान म्हणाली. मग न्यायाधीशांकडे वळून तिने त्याच्याकडे बोट दाखवलं. "हाच तो."

त्याला दोन वर्षांची कैद झाली.